वाटाघाटी वर्गात शिकता येतात, पण वर्ग तसा चालवावा लागतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षात आहात, पर्यायी तंटानिवारणाच्या पेपरमध्ये वाटाघाटींचे एक प्रकरण आहे, परंतु तासाला व्याख्या, प्रकार आणि फायदे-तोटे उतरवून घेण्यापलीकडे काही होत नाही. मग हे कौशल्य विद्यापीठात खरोखर शिकता येते का, की सनद मिळाल्यावर एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालीच ते शिकावे, आणि शिकता येत असेल तर कसे?

मी दिवाणी आणि व्यापारी दाव्यांत वकिली करतो, न्यायालयाने मध्यस्थीसाठी पाठवलेली प्रकरणे हाताळतो आणि विधी तसेच व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना हा विषय अतिथी प्राध्यापक म्हणून शिकवतो. या तिन्ही कामांतून माझे जे मत झाले आहे ते असे की वाटाघाटीचा एक महत्त्वाचा भाग फक्त वर्गातच शिकता येतो, कारण बाहेरच्या व्यवहारात तो शिकण्याची सोयच नसते. तुम्ही एखादा दावा पाच लाखांत मिटवला, तर समोरचा पक्ष सात लाखांपर्यंत यायला तयार होता की सव्वापाचलाच उठून जाणार होता, हे तुम्हाला बहुधा कधीच कळत नाही. अशील खूश असतो, तुम्ही खूश असता, आणि आपण उत्तम वाटाघाट केली असे दोन्ही बाजूंचे वकील घरी जाऊन सांगतात. अनेक वर्षांच्या अनुभवाने ज्येष्ठ वकिलाचा आत्मविश्वास नक्की वाढतो, पण समोरच्याची फाइल त्यालाही कुणी दाखवलेली नसते, त्यामुळे त्याच्या चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही सवयी सारख्याच पक्क्या होत जातात. वर्गातल्या सरावात मात्र करार झाल्यावर दोन्ही बाजूंचे गोपनीय कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवता येतात. विद्यापीठाची खरी मिळकत ती आहे, आणि ज्या वर्गात हे होत नाही त्या वर्गात वाटाघाटी शिकवल्या जात नाहीत, वाटाघाटींविषयी बोलले जाते.

प्रथम, मागणी करण्यासाठी तुमच्या हाताशी काय आहे ते सांगतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत पर्यायी तंटानिवारण हा पेपर सक्तीच्या प्रात्यक्षिक पेपरांत घातलेला आहे. वाटाघाटीचे कौशल्य सिम्युलेशनच्या, म्हणजे कल्पित प्रकरणावर भूमिका घेऊन केलेल्या सरावाच्या, साहाय्याने शिकवावे, हा पेपर ज्येष्ठ वकिलांनी सिम्युलेशन आणि प्रत्यक्ष प्रकरणांच्या अभ्यासातून घ्यावा, आणि मूल्यमापनाचा लक्षणीय भाग प्रात्यक्षिकांवर असावा, अशी त्यात अपेक्षा आहे. म्हणजे तुम्ही प्राचार्यांकडे जाऊन काही नवीन मागत नाही, असलेला नियम पाळावा एवढेच म्हणत आहात, आणि हा फरक पहिल्या वाक्यातच स्पष्ट केलात तर संभाषणाचा सूर बदलतो. (ही तुमची पहिली खरी वाटाघाट समजा. प्राचार्यांची अडचण बहुधा इच्छेची नसते. वेळापत्रक, खोल्या आणि अतिथी व्याख्यात्याचे मानधन यांची असते. त्यांची उत्तरे सोबत घेऊन जा.)

गरजेबद्दल फार लिहीत नाही. न्यायालयाने वाद तडजोडीच्या मार्गांकडे पाठवण्याविषयीचे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ हे १ जुलै २००२ पासून लागू झाले. व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ प्रमाणे, तातडीचा दिलासा मागितलेला नसेल तर, दावा दाखल करण्यापूर्वीची मध्यस्थी अनिवार्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात स्पष्ट केले. आणि २०२३ मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा आला. तुमची पिढी न्यायालयात उलटतपासणी घेण्याइतकाच वेळ टेबलावर बसून तोडगा काढण्यात घालवणार आहे.

आता सराव कसा असतो ते एका उदाहरणावरून सांगतो. मी सुरुवातीला देतो तो सराव मुद्दाम साधा ठेवलेला आहे. एका जुन्या पेठेतला तळमजल्यावरचा गाळा, त्याचा मालक, आणि छपाईचा व्यवसाय करणारा भावी भाडेकरू. दोघांना एक सामाईक कागद मिळतो, ज्यात गाळ्याचे क्षेत्रफळ, आसपासच्या गाळ्यांची भाडी आणि आधीच्या भाडेकरूचे भाडे एवढे असते. शिवाय प्रत्येकाला एक गोपनीय कागद मिळतो. मालकाच्या कागदावर लिहिलेले असते की महिना ३२,००० रुपयांखाली त्याला परवडत नाही, आधीचा भाडेकरू मध्येच सोडून गेल्याने गाळा चार महिने रिकामा पडला होता आणि म्हणून आता निदान तीन वर्षे टिकणारा माणूस त्याला हवा आहे, आणि जूनमध्ये मुलीच्या प्रवेशासाठी त्याला दोन लाखांची गरज लागणार आहे. भाडेकरूच्या कागदावर लिहिलेले असते की तो जास्तीत जास्त ३८,००० देऊ शकतो, थ्री-फेज वीजजोड आणि यंत्राचा पाया यांवर त्याचा मोठा खर्च होणार असल्याने तीन वर्षांच्या आत उठावे लागले तर तो बुडेल, आणि आज एकरकमी मोठी अनामत देणे त्याला जड आहे, मात्र लग्नसराईच्या पत्रिकांचे पैसे मे अखेरीस त्याच्या हातात येतील.

पाऊण तासात करार लिहून द्यायचा असतो. बहुतेक जोड्या त्यातला बराचसा वेळ भाड्याच्या आकड्यावर घालवतात, ३४ ते ३६ हजारांच्या दरम्यान कुठेतरी थांबतात, अनामतीवरून ताणाताणी करून ती अर्ध्यावर आणतात, आणि मुदतीचा रकाना आला की सवयीने अकरा महिने लिहून मोकळ्या होतात. (नोंदणी टाळण्यासाठी पडलेला हा अकरा महिन्यांचा प्रघात महाराष्ट्रात तसा निरर्थक आहे, कारण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. विद्यार्थ्यांना हे कलम पाठ असते; करार लिहिताना मात्र ते आठवत नाही.) मग कागद उघडले जातात. दोघांनाही तीन वर्षेच हवी होती, असे तेव्हा दिसते. दोघांनीही ते विचारले नाही, कारण आपली गरज दिसली तर समोरचा तिची किंमत वसूल करील अशी दोघांना भीती होती. अनामतीचा काही भाग आज आणि उरलेला जूनच्या पहिल्या आठवड्यात, ही दोघांनाही सोयीची रचना कुणाला सुचत नाही, कारण मालकाला पैसे नेमके कधी लागणार आहेत हा प्रश्नच विचारला गेलेला नसतो.

त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते तिचा उपयोग करून घ्यावा लागतो, नाहीतर मुले हसतात आणि पुढच्या तासाला निघून जातात. मी प्रत्येक जोडीला दोनच गोष्टी लिहायला लावतो: समोरच्याला कोणता प्रश्न विचारला असता तर ही माहिती मिळाली असती, आणि तो प्रश्न नेमक्या कोणत्या वेळी आपल्या ओठांवर येऊन परत गेला. यातल्या दुसऱ्या गोष्टीचे उत्तर देणे कठीण असते. पण ते लिहिता आले की पुढच्या सरावात बदल दिसू लागतो.

मागणीच्या मागे असलेली गरज शोधणे हे तत्त्व पुस्तकात एका ओळीत सांगता येते, म्हणून ते सोपे वाटते. पुण्याजवळच्या मगरपट्ट्याचे उदाहरण मी यासाठीच वर्गात घेतो. शहर वाढत आले तेव्हा हडपसरच्या त्या भागातल्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांपुढे जमीन विकायची की नाही असा दुपेडी प्रश्न उभा होता. सुमारे चारशे एकर जमिनीवर त्यांनी जो मार्ग काढला तो या दोन्ही उत्तरांपेक्षा वेगळा होता: जमीन एकत्र करून स्वतःची कंपनी काढायची आणि ज्याची जितकी जमीन त्या प्रमाणात त्याला भागभांडवल द्यायचे. एकरकमी किंमत घेतली तर पैसा काही वर्षांत संपतो आणि उत्पन्नाचे साधनही जाते, ही त्यांची खरी चिंता होती, आणि रचना त्या चिंतेभोवती झाली. विद्यार्थी या उदाहरणात बिल्डर विरुद्ध शेतकरी अशी वाटाघाट शोधतात. माझ्या मते अवघड वाटाघाट कुटुंबाकुटुंबांमधली होती, कारण इतक्या घरांना एका प्रमाणसूत्रावर आणणे हे एका बिल्डरशी दर ठरवण्यापेक्षा कितीतरी कठीण काम आहे.

आता शिकण्याच्या पद्धतीविषयी जे संशोधन आहे त्यातले दोन निष्कर्ष तुम्हाला माहीत असावेत, कारण ते माझ्याच वरच्या म्हणण्याला थोडी मुरड घालतात. जॅनिस नॅडलर, ली थॉम्पसन आणि लीफ व्हॅन बोव्हेन यांनी २००३ मध्ये चार पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. एका गटाला तत्त्वे समजावून सांगितली, दुसऱ्याला सरावानंतर समोरच्याची गोपनीय माहिती दाखवली, तिसऱ्याकडून वेगवेगळ्या उदाहरणांची तुलना करून घेतली, आणि चौथ्याला कुशल वाटाघाट चालू असताना पाहायला लावले. पुढच्या वाटाघाटीत स्पष्ट सुधारणा दिसली ती तुलना करणाऱ्या आणि पाहणाऱ्या गटांत. नुसते समजावून सांगणे आणि नुसते कागद उघडणे यांचा परिणाम तेवढा झाला नाही. पाहणाऱ्या गटाची गंमत अशी की त्यांची कामगिरी सर्वाधिक सुधारली, पण आपण काय वेगळे केले हे शब्दांत सांगायला तेच सर्वांत कच्चे निघाले. त्याआधी, १९९९ मध्ये, थॉम्पसन यांनी जेफ्री लोवेनस्टाइन आणि डेड्री गेन्टनर यांच्यासह दाखवले होते की दोन उदाहरणे शेजारी ठेवून त्यांतले साम्य शोधणारे विद्यार्थी ती सुटी सुटी वाचणाऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट प्रमाणात शिकलेली युक्ती नव्या प्रसंगी वापरतात.

म्हणून कागद उघडणे ही सुरुवात आहे, आणि त्यानंतर तुलना हवी. मी गाळ्याच्या सरावानंतर लगेच दोन छोटी प्रकरणे देतो. एकात नाशिककडचा द्राक्ष बागायतदार आणि निर्यातदार यांच्यात माल कितपत नाकारला जाईल यावर मतभेद आहे. दुसऱ्यात एक सॉफ्टवेअर कंपनी आणि तिचा ग्राहक यांच्यात काम वेळेत पूर्ण होईल की नाही यावर. दोन्हींतला उपाय एकच आहे. भविष्याबद्दल वाद घालत बसण्याऐवजी किंमतच त्या भविष्यावर अवलंबून ठेवायची: माल कमी नाकारला गेला तर जास्त दर, काम लवकर झाले तर बोनस. द्राक्षांचे प्रकरण एकटे वाचले तर ते शेतीमालाचे प्रकरण म्हणून डोक्यात बसते. दोन्ही एकत्र वाचून त्यांतला सांगाडा स्वतःच्या शब्दांत लिहिला, तर तोच विद्यार्थी पुढे बांधकामाच्या करारातही तो ओळखतो. तुमच्या शिक्षकांनी हे केले नाही तरी तुम्ही स्वतः करू शकता: प्रत्येक सरावानंतर वहीत डाव्या पानावर आजचे प्रकरण, उजव्या पानावर आधीचे एखादे, आणि खाली दोघांत समान काय ते.

पाहण्यासाठी जागा शोधावी लागते. मध्यस्थीची बैठक गोपनीय असते, त्यामुळे तेथे तुम्हाला बसता येणार नाही, आणि ते योग्यच आहे. राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी मात्र जिल्हा न्यायालयात जा. मोटार अपघाताच्या दाव्यांत विमा कंपनीचे अधिकारी आणि अर्जदाराचे वकील यांच्यातली बोलणी पॅनेलसमोर, भरलेल्या दालनात चालतात. पहिला आकडा कोण बोलतो, दुसरा आणि तिसरा आकडा किती अंतराने येतो, अर्जदार स्वतः काही बोलतो का, एवढेच टिपा. तेथे प्रकरणे झपाट्याने उरकायची असतात, त्यामुळे सगळेच अनुकरणीय नसते. पण आकडे कसे सरकतात हे दिवसभरात जितक्या वेळा दिसते तितके वर्गात पूर्ण सत्रातही दिसत नाही.

तयारीकडे वळतो. माझ्या अनुभवात वाटाघाटीतली बहुतेक हार-जीत खोलीत शिरण्यापूर्वी ठरलेली असते, आणि विद्यार्थी नेमके तिथेच वेळ वाचवतात. प्रत्येक सरावापूर्वी एक पान हाताने लिहावे. त्यात आपल्याला काय हवे यापेक्षा ते का हवे हे आधी यावे, मग समोरच्याला काय हवे असावे याचे अंदाज, आणि त्या अंदाजांची खातरजमा करणारे प्रश्न पूर्ण वाक्यांत. त्याच पानावर बोलणी फिसकटली तर आपल्या हाती उरणारा सर्वांत चांगला पर्याय लिहावा, ज्याला रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ मध्ये ‘बॅटना’ हे नाव रूढ केले. येथे विद्यार्थी ‘दुसरा गाळा बघू’ असे लिहितात. तो पर्याय नव्हे. प्रत्यक्ष पाहिलेला, भाडे विचारलेला आणि अमुक तारखेपासून मिळू शकणारा गाळा हा पर्याय. तो नसेल तर वाटाघाटीचे सगळे डावपेच उसने आहेत, आणि असेल तर बहुतेक डावपेचांची गरज पडत नाही.

पहिला आकडा आपण सांगावा की समोरच्याला सांगू द्यावा, हा प्रत्येक वर्गात येणारा प्रश्न आहे. आमोस त्वर्स्की आणि डॅनियल कानेमान यांनी १९७४ मध्ये नोंदवलेला प्रयोग येथे उपयोगी पडतो. लोकांसमोर एक चक्र फिरवले जाई. ते १० वर थांबले तर संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील याचा मधला अंदाज (मध्यक) २५ टक्के येई, आणि ६५ वर थांबले तर ४५ टक्के. चक्राचा आणि उत्तराचा काहीही संबंध नसताना हे घडते, तर टेबलावर गंभीरपणे मांडलेल्या पहिल्या आकड्याचा परिणाम किती असेल याची कल्पना करा. म्हणून बाजारभाव नीट माहीत असेल तर पहिला आकडा आपण सांगावा, कारणासह सांगावा, आणि सांगून थांबावे. बाजारभाव माहीत नसेल तर आधी विचारत राहावे. आकडा सांगून लगेच ‘पण थोडे कमीजास्त करता येईल’ असे पुढे जोडणे ही आपल्याकडची फार सामान्य खोड आहे. शांतता सहन न झाल्यामुळे आपणच आपल्याशी घासाघीस करतो.

अधिकार कुणाकडे आहे, हा मुद्दा वर्गात हमखास दुर्लक्षित राहतो, कारण सरावाच्या कागदावर प्रत्येकाला पूर्ण अधिकार दिलेले असतात. प्रत्यक्षात असे क्वचितच असते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप मी यासाठी एक पूर्ण तास घेऊन शिकवतो. सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंत यांच्यामागे होते. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त प्रतिनिधी संघटना होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि गिरणीमालकांनी कायदेशीर करार करायचा तर तो तिच्याशीच. म्हणजे ज्यांच्याशी करार करता येत होता त्यांच्यामागे कामगार नव्हते, आणि ज्यांच्यामागे कामगार होते त्यांच्याशी करार करता येत नव्हता. बोनस आणि पगारवाढीच्या मागण्यांबरोबरच हा कायदा रद्द करण्याची मागणी संपाच्या केंद्रस्थानी का होती, हे त्यावरून कळते. सरकारही ती मान्य करायला तयार नव्हते, कारण तसे झाले असते तर त्याचे पडसाद इतर उद्योगांत उमटले असते. गिरण्या तोपर्यंत आर्थिकदृष्ट्या कमजोर झाल्या होत्या आणि काही मालकांना संप लांबला तरी फारसे दुःख नव्हते, हा दुसरा धागा. एका बाजूला बोलणी फिसकटण्याची भीतीच नसेल तर तोडगा कसा निघणार? हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. या प्रकरणावर चर्चा झाल्यानंतर मी विद्यार्थ्यांना एकच सवय लावायचा प्रयत्न करतो: कोणत्याही बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत, नम्रपणे पण स्पष्टपणे, ‘आज आपले ठरले तर सही कोण करेल आणि त्यापूर्वी कुणाला विचारावे लागेल?’ हे विचारणे.

याच्या शेजारी ठेवण्यासारखे दुसरे उदाहरण ऊसतोड कामगारांच्या दराचे. राज्यातील साखर कारखान्यांचा संघ आणि कामगारांच्या संघटना यांच्यात ठरावीक वर्षांसाठी तोडणीचा दर ठरतो, आणि जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढीवर तडजोड झाली. येथे दोन्ही बाजूंना कुणाशी बोलायचे हे ठाऊक असते, लवादाची रूढ व्यवस्था आहे, आणि उसाचे वेळेचे गणित दोघांवरही दाब आणते, कारण तोडलेला ऊस थांबत नाही आणि कामगाराचा हंगामही थांबत नाही. कामगाराच्या पदरात पुरेसे पडते का हा वेगळा, आणि माझ्या मते अधिक गंभीर, प्रश्न आहे. तोडगा निघण्याची यंत्रणा असणे आणि तोडगा न्याय्य असणे या दोन गोष्टी विद्यार्थ्यांनी वेगळ्या पाहायला शिकावे म्हणूनच मी हे उदाहरण घेतो.

भाषेबद्दल माझे मत थोडे आग्रही आहे. आपल्या महाविद्यालयांतले सराव जवळजवळ सगळे इंग्रजीत होतात, आणि त्यात इंग्रजी चांगले असणारा विद्यार्थी वाटाघाटीत चांगला ठरतो. तालुक्याच्या न्यायालयात, सोसायटीच्या बैठकीत, बाजार समितीत किंवा कारखान्याच्या कार्यालयात बोलणी मराठीत आणि हिंदीत होतात, आणि तेथे वय, नाते, मान यांचे धागे गुंतलेले असतात. वडिलांच्या वयाच्या माणसापुढे पैशाचा विषय कसा काढायचा, ‘बघू या’ म्हणणाऱ्याकडून होकार आहे की नकार हे न दुखावता कसे काढून घ्यायचे, ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणणाऱ्याच्या गळ्यात अन्याय्य आकडा पडणार नाही याची काळजी कशी घ्यायची, हे इंग्रजी सरावात येतच नाही. निदान निम्मे सराव मराठीत करा. सुरुवातीला नाटकी वाटेल. दोन-तीन वेळांनंतर वाटणार नाही.

खोटे बोलण्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येतोच. ‘यापेक्षा एक रुपया जास्त देणार नाही’ असे म्हणणे आणि ‘मला दुसऱ्या मालकाने ३०,००० त गाळा देऊ केला आहे’ असे नसताना सांगणे यांत फरक आहे. दुसरे विधान वस्तुस्थितीचे आहे, आणि त्यावर विसंबून समोरच्याने करार केला तर भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम १७ (लबाडी) किंवा १८ (चुकीचे निवेदन) आणि १९ (असा करार रद्द करण्याचा हक्क) तुमच्या अशिलाच्या गळ्याशी येऊ शकतात. मौन ही सर्वसाधारणपणे लबाडी ठरत नाही, मात्र बोलण्याचे कर्तव्य असेल तेथे ठरते, हे कलम १७ च्या स्पष्टीकरणातच आहे. वर्गात याचा आणखी एक, अगदी व्यावहारिक धडा मिळतो. एका सत्रात तेच पंचवीस-तीस जण आलटून पालटून समोर येतात, आणि पहिल्या सरावात थाप मारणाऱ्याशी चौथ्या सरावात कुणी मोकळेपणाने बोलत नाही. जिल्हा बारमध्येही माणसे तीच ती असतात.

विद्यार्थिनींसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. हॅना रायली बाउल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाई यांच्या २००७ मधील अभ्यासात जास्त पगार मागणाऱ्या स्त्रियांबद्दलचे मत तसेच मागणाऱ्या पुरुषांपेक्षा अधिक बिघडते असे दिसले. म्हणजे ‘मुली मागत नाहीत’ हा नेहमीचा ठपका अर्धवट आहे. मागितल्याची किंमत मोजावी लागते हे त्यांना बऱ्याचदा बरोबर कळलेले असते. सरावात हे उघडपणे तपासावे: तोच कागद, तीच वाक्ये, भूमिका अदलाबदल करून, आणि बाकीच्यांनी कुणाबद्दल काय लिहिले ते वाचून दाखवून. वर्गातल्या मुलांना यातून जास्त शिकायला मिळते.

मूल्यमापनात आकड्याला गुण द्यावेत का, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. सगळे गुण निकालावर ठेवले तर मुले ओरबाडायला शिकतात, आणि काहीच ठेवले नाहीत तर कुणी मनापासून खेळत नाही. मी शंभरातले वीस निकालावर, बाकीचे तयारीच्या पानावर, लिहून दिलेल्या कराराच्या नेमकेपणावर आणि नंतरच्या टिपणावर ठेवतो. आंतरमहाविद्यालयीन वाटाघाटी स्पर्धा आणि मॉडेल युनायटेड नेशन्स (संयुक्त राष्ट्रांच्या धर्तीवरच्या विद्यार्थी सभा) यांना जरूर जा, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. तेथे परीक्षकांना दिसेल असे सौजन्य आणि वक्तृत्व यांना गुण मिळतात, आणि चांगली वाटाघाट बाहेरून पाहणाऱ्याला बऱ्याचदा कंटाळवाणी वाटते.

त्यापेक्षा गॅदरिंगसाठी प्रायोजक मिळवण्याचे काम अंगावर घ्या. तेथे खरे पैसे, खरी मुदत आणि खरा नकार असतो. मोठ्या क्लासवाल्याकडे जाण्यापूर्वी दोन लहान प्रायोजकांकडून होकार लेखी घ्या, त्याला फलकाची जागा हवी आहे की प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचायचे आहे ते विचारा, आणि ठरलेले त्याच संध्याकाळी ईमेलवर पाठवा. कॅम्पस मुलाखतीत पगाराचा आकडा बहुधा ठरलेला असतो, त्यावर शक्ती घालवू नका. रुजू होण्याची तारीख, शहर, प्रशिक्षणाच्या बाँडची रक्कम आणि मुदत यांत हलण्याला जागा असते आणि विचारणारे थोडे असतात.

महाविद्यालयाने काहीच केले नाही तर सहा-आठ जणांचा गट करा आणि पंधरा दिवसांतून एकदा भेटा. दोघे वाटाघाट करतील, दोघे फक्त पाहतील आणि टिपतील, पुढच्या वेळी भूमिका बदलतील. प्रकरणे आजूबाजूला भरपूर आहेत: होस्टेलच्या मेसचा ठेका, फ्लॅट सोडताना अनामतीतून होणारी कपात, बंधूंमधली शेतजमिनीची वाटणी. दोन्ही गोपनीय कागद मात्र त्या दिवशी न खेळणाऱ्याने लिहावेत, आणि त्यात निदान एक मुद्दा असा ठेवावा ज्यावर दोघांना एकच गोष्ट हवी आहे, आणि एक असा, जो एका बाजूला फार महत्त्वाचा आणि दुसऱ्या बाजूला क्षुल्लक आहे. कागद लिहिताना आकड्यांत तडजोडीला जागा उरते ना, हे तिसऱ्याकडून तपासून घ्या. एखाद्या वेळी मुद्दाम जागा न ठेवता कागद लिहा, म्हणजे करार न करता उठून जाणे कोणाला जमते तेही दिसेल. माझ्या वर्गात तशा सरावात निम्म्याहून अधिक जोड्या तरीही सही करून येतात, आणि मग त्या दिवशीची सगळी चर्चा आपली मर्यादा नेमकी कोणत्या वाक्याला ओलांडली गेली यावरच करावी लागते.